संबंधित विभाग

आत्या फोनवर कधीच ओळख दाखवायची नाही. ते तिचं तत्त्व होतं.

"नमस्कार, तक्रार विभाग," ठकी म्हणायची.

"नमस्कार. पाचव्या मजल्यावरून बोलतेय. आमची लिफ्ट बंद आहे."

"अगं आत्या, मला माहितीये. रविवारी मीच नाही का चढून आले?"

"कोण आत्या? तुम्ही तक्रार लिहून घ्या बाई. ओळखीपाळखीनं कामं करून घेणाऱ्यातली मी नाही."

मग ठकी खुर्चीत सरळ व्हायची, पेनचं टोपण काढायची आणि जिच्या घरी राहून आपण शिकलो त्या सख्ख्या आत्याला तिचं नाव, पत्ता आणि बिघाडाचं स्वरूप विचारायची. बिघाडाचं स्वरूप आत्या दर वेळी नवं सांगायची. एकदा तिनं 'हट्ट' असं सांगितलं होतं. एकदा म्हणाली, "लिफ्टला लाज वाटत नाही, एवढंच लिहा." ठकीनं तेवढंच लिहिलं. अक्षर तिचं मोत्यासारखं. लिहून झालं की ती ते वाक्य म्हणायची, जे म्हणायचाच तिला पगार होता: "आपली तक्रार पुढे पाठवली आहे."

"आभारी आहे," आत्या म्हणायची. आणि मग त्याच फोनवर, श्वासही न घेता, दुसऱ्याच आवाजात, "जेवलीस का गं?"

ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. लहानपणी ती चिंध्यांच्या बाहुलीसारखी कुठेही बसवली की बसायची, म्हणून आत्यानं ते ठेवलं होतं. मोठेपणी लिफ्टच्या कंपनीनं तिला तळमजल्यावरच्या खोलीत बसवलं, तिथेही ती छान बसली. खोलीत एक टेबल, एक फोन, चिठ्ठ्या टाकायचा एक ट्रे आणि भिंतीला लागून एक लोखंडी कपाट होतं. इमारत तीन मजली होती आणि लिफ्टच्या कंपनीत लिफ्ट नव्हती. याबद्दल तक्रार करावी असं कधी कुणाला वाटलं नव्हतं, कारण करायची कुठे, तर ठकीकडेच.

काम सोपं होतं. लोक फोन करायचे, ठकी चिठ्ठी लिहायची, ट्रेमध्ये टाकायची. दुपारी शिपाईकाका यायचे आणि ट्रे घेऊन वर जायचे. त्याशिवाय आठवड्यातून एकदा वरून एक पाकीट यायचं, सुतळीनं बांधलेलं, लाखेची मोहोर लावलेलं. ते कपाटात ठेवायचं. आधीच्या बाईंनी नोकरी सोडताना तिला बजावलं होतं, "वरून येतं ते कपाटात. मोहोर फोडायची नाही. आपल्या आधी कुणी फोडली नाही, आपण फोडायची नाही." ठकीला हे फार आवडलं होतं. आपल्यावर कुणीतरी विश्वास टाकलाय, असं तिला वाटायचं. पाकीट ठेवताना ती त्याच्यावरून हात फिरवायची. आत काय असेल, याचा विचारसुद्धा करायची नाही. दुसऱ्याचं पाकीट ते दुसऱ्याचं.

आत्याच्या इमारतीत ठकीचा भाव भलताच वधारला होता, आणि तो आत्यानंच वधारून ठेवला होता. "आमची मुलगी कंपनीत आहे," ती जिन्यात भेटेल त्याला सांगायची. जिन्यात म्हणजे स्वतःच्या दारात उभी राहून. तिच्या गुडघ्यांना चढणं कसंबसं जमायचं, उतरणं मुळीच नाही, त्यामुळे लिफ्ट बंद पडली तशी ती पाचव्या मजल्यावर अडकली ती अडकलीच. भाजी, औषधं, पाव, सगळं खिडकीतून टोपली सोडून वर. मध्ये एकदा रहिवाशांनी बाहेरचा मिस्त्री आणायचं ठरवलं, तर आत्यानं वरूनच आवाज दिला, "काही गरज नाही! कंपनीचं काम कंपनी करेल. आमची मुलगी आहे तिथे, तिनं स्वतः पुढे पाठवलंय." मिस्त्री परत गेला. लोक परत चढायला लागले.

आणि ठकी? ठकीही दर रविवारी ते पाच मजले चढायची. चौथ्याला कठड्याला टेकायची, धापा टाकत मनात म्हणायची, कंपनीनं आता मनावर घ्यायला हवं. आपण तर आपल्याकडून पाठवलंय.

त्या गुरुवारी मात्र आत्याचा फोन आला तो वेगळाच.

"नमस्कार. पाचव्या मजल्यावरून. लिहून घ्या. शनिवारी दुपारी आमच्या सुपरवायझरबाई गावात येतायत. तासाभरासाठी. त्यांची गाडी आमच्याच गल्लीत थांबणार आहे, खालच्या चहाच्या दुकानापाशी."

सुपरवायझरबाई कोण, हे ठकीला माहीत होतं. आत्यानं आख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, कानाला हेडफोन लावून, लांबलांबच्या माणसांच्या लाइनी एकमेकांना जोडत. शेजारच्या खुर्चीत सुपरवायझरबाई. दोघींनी मिळून किती लोकांची भांडणं, लग्नं आणि मयती जोडून दिल्या याला गणती नव्हती. निवृत्तीनंतर त्या मुलाकडे दूरदेशी गेल्या, आणि आता चाकाच्या खुर्चीत होत्या.

"त्यांना वर येता येत नाही," आत्या म्हणाली. "मला खाली जाता येत नाही. मध्ये पाच मजले आणि तुमची कंपनी. परत येतील असं त्यांचं वय नाही. बिघाडाचं स्वरूप काय लिहायचं ते तुम्ही ठरवा."

ठकीनं वाक्य म्हटलं. दुसरं वाक्य तिच्याकडे नव्हतंच.

"आभारी आहे," आत्या म्हणाली, आणि फोन ठेवला.

जेवलीस का विचारलं नाही. ठकी रिसीव्हर धरून बसून राहिली. डबा समोर होता, पण कुणी विचारल्याशिवाय उघडायचा कसा, असं काहीतरी तिला झालं.

मग आयुष्यात पहिल्यांदा तिच्या डोक्यात आलं: पुढे म्हणजे कुठे?

याचं एक चित्र तिच्या मनात होतं, पण ते तिनं कधी नीट बघितलं नव्हतं. एक मोठा हॉल. भिंतीवर शहराचा नकाशा, त्यावर लहान लहान दिवे. एखादा दिवा लाल झाला की एक तरतरीत माणूस उठून ओरडतो, "चला रे, पाचवा मजला!" आणि निळ्या कपड्यातली माणसं धावत सुटतात. त्या माणसाच्या हातात ठकीची चिठ्ठी असते आणि जाता जाता तो म्हणतो, अक्षर कुणाचं आहे हो, झकास आहे.

शुक्रवारी शिपाईकाका ट्रे न्यायला आले तेव्हा ती त्यांच्या मागे निघाली.

"तुम्ही कुठे?" काका म्हणाले.

"पुढे."

"बरं," काका म्हणाले. त्यांना कसलंच नवल वाटत नसे.

पहिल्या मजल्यावर वर्गीकरण होतं. तिथे एक चष्मेवाले गृहस्थ चार खोक्यांपुढे बसले होते. खोक्यांवर लिहिलं होतं: दार, दोर, दिवा, इतर. ते चिठ्ठी उचलत, वाचत, मान हलवत आणि खोक्यात टाकत. आत्याची चिठ्ठी त्यांनी बघताक्षणी 'इतर'मध्ये टाकली.

"न वाचताच?" ठकी म्हणाली.

"या बाई मला पाठ आहेत. यांची लिफ्ट हट्टी आहे, निर्लज्ज आहे, एकदा तर नास्तिक होती. मी काय करणार? मला चार खोकी दिलीत." मग त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हीच लिहिता होय? अक्षर झकास आहे हो."

ठकीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. चित्रातलं वाक्य खरं झालं होतं, पण भलत्याच माणसाच्या तोंडून.

दुसऱ्या मजल्यावर पडताळणी. तिथे एक तरुण मुलगा चारी खोक्यांतल्या चिठ्ठ्या एकत्र करत होता.

"अहो, आत्ताच खाली त्यांनी वेगळ्या केल्या!" ठकी म्हणाली.

"हो ना. त्याशिवाय एकत्र कशा करणार?" तो म्हणाला, आणि सगळ्या एका पाकिटात घालून वरून सुतळी आवळली. गाठ मारली, ओढून बघितली, सोडली, पुन्हा मारली. मग लाख वितळवून मोहोर उमटवली. हात सफाईदार होता.

"चिठ्ठ्या तपासल्यात का?"

"आमच्याकडे गाठ तपासतात. मजकूर नाही." मुलगा जरा दुखावला. "या मजल्यावरून गेलेलं पाकीट आजतागायत सुटलेलं नाही. विचारा कुणालाही."

"आणि आता हे कुठे जाणार?"

त्यानं पाकिटावर शिक्का मारला आणि तिच्यासमोर धरला. संबंधित विभाग.

शिपाईकाकांनी पाकीट काखेत घेतलं आणि निघाले. ठकी मागे. तिला वाटलं आता वर, साहेबांच्या मजल्यावर. काका खाली वळले. पहिला मजला मागे पडला. काका आणखी खाली उतरले. मागच्या दारानं अंगणात जाणार असतील, ठकीनं स्वतःला सांगितलं. अंगणात एक पत्र्याची शेड आहे, हॉल नसला म्हणून काय झालं. काका अंगणाच्या दारावरून पुढे गेले, ठकीच्या खोलीत शिरले आणि ठकीच्या टेबलावर ठकीच्या डब्याशेजारी पाकीट ठेवलं.

मग मागे वळून, ठकीला पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे म्हणाले, "तुम्ही होता कुठे? पाकीट आलंय."

काका गेले. मग तिनं दार लावून घेतलं, आणि आपल्या आधी कुणी केलं नव्हतं ते केलं. मोहोर फोडली. आत तिचंच अक्षर. तिनं कपाट उघडलं आणि जुनी पाकिटं काढली. सगळीकडे तिचंच अक्षर, रेघेवर बसलेलं, वेलांट्या कशा एकसारख्या. खालच्या खणात आधीच्या बाईंचं. एका चिठ्ठीत आजोबा लिफ्टमध्ये दोन तास. एकीत, 'तान्हं मूल आणि सामान, कृपया लवकर'. एकीत नुसतं 'सहावा कॉल'. खाली ठकीची सही, तिच्याखाली तिनं हौसेनं काढलेली एक बारीकशी रेघ. त्या रेघेकडे तिला बघवेना.

फोन वाजला. सवयीनं तिनं उचलला, सवयीनं नमस्कार म्हटलं, आणि पलीकडचा माणूस दिव्याबद्दल सांगू लागला तसं तिचं तोंड वाक्य म्हणायला आपोआप उघडलं. ते बंद करायला तिला हाताची मदत घ्यावी लागली.

मग ती थेट वर साहेबांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते भले गृहस्थ होते, ही सगळ्यात मोठी अडचण होती.

"म्हणजे गहाळ काहीच झालेलं नाही?" ते म्हणाले.

"नाही साहेब, पण—"

"एकही चिठ्ठी?"

"एकही नाही. पण त्या सगळ्या माझ्याच कपाटात आहेत."

"संबंधित विभाग म्हणजे तक्रार विभागच. तक्रारीशी आणखी कोण संबंधित असणार? वाण्याचं दुकान?" साहेब हसले. "तुम्ही पाठवता, तुम्हाला पोचतं. अशी सोय किती कंपन्यांत असेल, सांगा बरं."

"पण साहेब, लिफ्ट कोण दुरुस्त करतं?"

साहेबांनी भुवया उंचावल्या. बहुधा हा प्रश्न त्यांच्यासाठी नवीन होता. "मिस्त्री आहेत की अंगणातल्या शेडमध्ये. उत्तम माणसं. पण त्यांना सध्या काम नसतं." आणि अभिमानानं म्हणाले, "आपल्या लिफ्टा बंदच पडत नाहीत."

शेडमध्ये दोन मिस्त्री होते, मोठा आणि छोटा. छोटा मोठ्यापेक्षा हातभर उंच होता, पण कंपनीत नंतर लागला होता. भिंतीवर हत्यारं टांगलेली, पुसून पुसून आरशासारखी झालेली. पाने एवढे चकचकीत की त्यात बघून छोटा मिस्त्री दाढी करत होता. मध्यभागी एक ढाल टांगली होती: शून्य तक्रारींबद्दल.

ठकीनं खालमानेनं सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज फोनवरच्यासारखाच गोड येत होता, आणि ते तिला सहन होत नव्हतं.

मोठा मिस्त्री ऐकत होता. मग उठला आणि ढालीपुढे जाऊन उभा राहिला, तिच्यावर कुणी थुंकेल की काय अशा भीतीनं.

"खोटं आहे," तो म्हणाला.

"कपाट भरलंय हो, काका."

"लोक लिहितात काहीही. ताई, दोन वर्षं झाली, या दारात कुणी आलं नाही. आम्ही काय झोपलो होतो? रोज आठला येतो. रोज हत्यारं उतरवतो, पुसतो, टांगतो. का? लिफ्टा चांगल्या आहेत म्हणून." त्याचा आवाज जरासा चिरकला. "नाहीतर का?"

ठकीनं मान आणखी खाली घातली. छोटा मिस्त्री अर्ध्या गालाला फेस लावून उभा होता. तो म्हणाला, "दादा, एकदा जाऊन बघू या. बंद नसली तर ताईच खोट्या पडतील."

"चल," मोठा म्हणाला. "हिला खोटीच पाडू."

शनिवारी दुपारी ठकी आणि मिस्त्री आत्याच्या इमारतीत शिरले. मोठ्यानं लिफ्टचं बटण दाबलं आणि छाती काढून वाट बघितली. परत दाबलं. मग बटण न दाबता नुसताच उभा राहिला. शेवटी म्हणाला, "वीज गेली असेल." डोक्यावर दिवा लख्ख जळत होता. छोट्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण मोठ्यानं तो झटकला आणि जिना चढायला लागला, प्रत्येक मजल्यावरचं दार तपासत. दुसऱ्यावर दोघं थांबले, ठकी एकटीच वर गेली.

आत्या तयार होऊन बसली होती. चांगले कपडे, बाहेरचे बूट, मांडीवर पर्स. आता कुणीतरी उचलून नेईल अशी.

"आले ना मिस्त्री? आवाज येतोय," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "बघ, मी म्हणत होते सगळ्यांना. वेळ लागतो, पण पोचतं."

आणखी दोन मिनिटं ती गप्प बसली असती तर निभावून गेलं असतं, हे ठकीला नंतर किती तरी वेळा वाटलं. लिफ्ट सुरू झाली असती आणि आत्यानं तिच्या नावाचा डंका आणखी वीस वर्षं वाजवला असता. पण आत्या ज्या विश्वासानं बघत होती त्यापुढे तिला उभं राहवेना.

"पोचत नव्हतं आत्या," ती म्हणाली. "ते फिरून माझ्याकडेच येत होतं. पाकिटातून. मी ते कपाटात ठेवत होते. तुझे सगळे फोन माझ्या कपाटात आहेत."

आत्याला कळायला थोडा वेळ लागला. चेहऱ्यावरचं हसू निघायचं राहून गेलं होतं, ते तसंच होतं.

"तुझ्या खोलीतल्या?"

"हो."

"मी फोन करत होते तेव्हा ते कपाट कुठे होतं?"

"माझ्या पाठीमागे."

आत्यानं पर्स बाजूला ठेवली. चष्मा लावला. मग ठकीकडे न बघता, ज्या आवाजात ती आयुष्यभर अनोळखी माणसांशी बोलली होती त्या स्वच्छ, सपाट आवाजात म्हणाली, "आपलं नाव सांगा."

"आत्या, असं नको ना गं."

"नाव सांगा बाई."

ठकीनं नाव सांगितलं. खरं नाव, जे या घरात कुणी घेत नसे.

"बिघाडाचं स्वरूप?"

खालून पान्याचे ठोके ऐकू येत होते.

"लवकर सांगा. दुसरे लोक लाइनीवर असतात."

"मी विचारलं नाही," ठकी म्हणाली. "कुठे जातं, ते कधी विचारलं नाही. मला वाटलं पुढे कुणीतरी असेल."

"एक्स्चेंजमध्ये पलीकडचा 'हॅलो' म्हणेपर्यंत मी लाइन सोडत नसे. लघवीला झाली तरी," आत्या म्हणाली. हे मात्र ती ठकीशी बोलली, आणि मग पुन्हा त्या दुसऱ्या आवाजात गेली. "आभारी आहे."

ठकी वाट बघत राहिली. पण आत्यानं आणखी काही विचारलं नाही.

खालून आरोळी आली. दुसऱ्या मजल्यावर मोठा मिस्त्री हात उंच धरून उभा होता. चिमटीत सोड्याच्या बाटलीचं एक चेपलेलं झाकण. दाराच्या खाचेत अडकलं होतं, त्यामुळे दार पुरतं मिटत नव्हतं, आणि दार मिटल्याशिवाय लिफ्ट हलत नाही.

"लिफ्टचा दोष नाही!" तो जिन्यात वाकून ओरडला. डोळे पाण्यानं भरले होते, ते विजयाचे होते की कशाचे, सांगणं कठीण. "लिफ्ट चांगलीच होती. तिला कुणी जाऊ देत नव्हतं!"

एका झाकणासाठी. सांडशीनं खेचलं की निघालं, घोटभर चहा प्यायला वेळ लागतो तेवढ्यात. ठकीला वाटलं, निदान दोर तरी तुटलेला असायला हवा होता, मोटार जळलेली, काहीतरी भारी, न झेपणारं.

आत्या लिफ्टमध्ये शिरली, ठकीही शिरली. दार मिटलं. आरशात दोघी शेजारी शेजारी दिसत होत्या, म्हणून दोघी दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आत्या पाच मजले काही बोलली नाही. आत्या पाच मजले गप्प राहिल्याची नोंद घरच्या कुणाच्याही आठवणीत नव्हती.

खाली दार उघडलं तर समोर सगळी इमारत. ठोके ऐकून लोक उतरले होते. टाळ्या पडल्या. गल्लीच्या तोंडाशी, चहाच्या दुकानासमोर एक मोटार उभी होती आणि तिच्याशेजारी चाकाच्या खुर्चीत एक पांढऱ्या केसांची बाई मान उंचावून दारांकडे बघत होती. आत्या तिकडे चालू लागली, एक हात भिंतीला लावत, भराभर. सुपरवायझरबाईंना ठकीबद्दल आत्यानं पत्रांतून काय काय कळवलं असेल याची ठकीला कल्पना होती. ती आत्याच्या मागोमाग दोन पावलं गेली. आत्या वळली नाही, पण तिनं हात मागे केला आणि पंजा दाखवला. थांब. तू नको.

ठकी थांबली.

"वा, ताई!" पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. "स्वतः माणसं घेऊन आलात! आत्याबाई म्हणतच होत्या."

"आपलं माणूस आत असलं की असं असतं," कुणीतरी म्हणालं. कुणी पाणी आणलं. एका आजोबांनी आपली टोपी काढली. मोठ्या मिस्त्रीला कुणी विचारलं नाही, तो झाकण खिशात घालून कोपऱ्यात उभा होता.

"मी काही केलेलं नाही," ठकी म्हणाली.

"ऐका! किती साधी आहे पोरगी."

"नाही हो, खरंच. तुमच्या तक्रारी पुढे गेल्याच नाहीत. सगळ्यांच्या. सगळ्या माझ्या कपाटात आहेत. मीच ठेवल्या. तुम्ही फोन करायचात आणि मी खोटं सांगायचे, म्हणजे मला खरं वाटायचं, पण होतं खोटं."

सगळे खदखदून हसले. काकूंना तर उचकी लागली. "आणि आता वर म्हणेल, लिफ्ट आपोआप सुरू झाली!" ठकी पुन्हा सांगू लागली, तसे लोक आणखी हसले, आणि हसता हसता लिफ्टमध्ये शिरायला लागले, एकदा वर, एकदा खाली, नुसतीच. तिच्या लक्षात आलं की हे आता कधीच संपणार नाही. ती जितकं सांगेल तितकी चांगली ठरत जाईल.

एक माणूस हसला नव्हता. तिसऱ्या मजल्यावरचे घड्याळजी. दुकानातून तसेच आले होते, कपाळावर भिंग चढवलेलं. त्यांची बायको मागच्या वर्षी आजारी पडली तेव्हा चार जणांनी तिला स्वयंपाकघरातल्या खुर्चीला बांधून जिन्यानं खाली नेलं होतं. प्रत्येक वळणावर खुर्ची आडवी करावी लागली. वर आणायची वेळ आली नाही. आधीच्या महिन्याभरात त्यांनी किती तरी फोन केले होते. ठकीला तो आवाज आठवला. फार हळू बोलायचे. तिनं दोनदा 'जरा मोठ्यानं बोला' म्हटलं होतं.

ते जवळ आले.

"कपाट केवढं आहे?" त्यांनी विचारलं.

त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ठकीला कुठे लपायला जागाच राहिली नाही. तिनं दोन्ही हात पसरून रुंदी दाखवली. घड्याळजींनी मान हलवली, पुढे सांगा म्हणून. तिनं खोली दाखवली, कोपरापासून बोटांपर्यंत, आणि थोडी आणखी. मग उंची दाखवायला हात वर नेला. पुरला नाही. टाचा उचलल्या.

"भरलेलं?"

ठकीनं मान डोलावली.

घड्याळजींनी त्या हाताकडे पाहिलं. मग कपाळावरचं भिंग काढून खिशात ठेवलं. लिफ्ट उघडी होती, आतून काकू "या ना, या!" म्हणत होत्या. ते जिन्यानं वर निघून गेले.

ठकी तशीच टाचांवर उभी होती, हात वर करून. गल्लीच्या तोंडाशी दोन म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून काहीतरी बोलत होत्या, आणि त्यातली एक मध्येच इकडे बघत होती. हात खाली कसा घ्यायचा, ते ठकीला सुचत नव्हतं.